एक्सपी-सेव्हनच्या जुन्या मशीनना नेटवर्क प्रिंटर: विंडोज शेअरिंग, थेट आयपी की कप्स?

परिस्थिती साधारण अशी असते, ऑफिसात नवीन मशीन चार, दोन-तीन विंडोज एक्सपी नाहीतर विंडोज ७ वर अडकलेली कारण त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर पुढे सरकतच नाही, आणि प्रिंटर सगळ्यांना मिळून एक. मग सगळे आधी केबल, आयपी, फायरवॉल तपासत बसतात. माझ्या मते खरी गोची बहुतेक वेळा ड्रायव्हरची (मशीनवरून प्रिंटरला समजेल असं काही पाठवणारं सॉफ्टवेअर) असते, म्हणजे प्रिंटरला कळेल अशा भाषेत पान कोण तयार करणार, जुनं मशीन की मधला सर्व्हर? याचं उत्तर ठरलं की निवड सोपी होते.

पहिला पर्याय सगळ्यांच्या डोक्यात येतो तो, नव्या विंडोज मशीनला प्रिंटर लावा आणि शेअर करा. नवं-नवं असेल तर ठीक. पण एक्सपीला फक्त एसएमबी१ (विंडोज शेअरिंगची जुनी भाषा) बोलता येतं, आणि २०१७ च्या १७०९ व्हर्जनपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये त्याचा सर्व्हर भाग बसवलेलाच नसतो. फीचर्समध्ये जाऊन चालू करता येतो हो, पण त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी१ मधल्या भोकातून, त्यामुळे एका प्रिंटरसाठी मी तरी ते दार उघडणार नाही. विंडोज ७ ला एसएमबी२ (त्याचीच पुढची आवृत्ती) येतं, म्हणून वाटतं सुटलो, तर तिथे ०x०००००११बी हा एरर! विंडोजच्या सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने प्रिंट सर्व्हरशी (म्हणजे प्रिंटर शेअर करणाऱ्या मशीनशी) बोलताना कडक ऑथेंटिकेशन सक्तीचं केलं, आणि जुनं, अपडेट न झालेलं मशीन तिथे नापास होतं. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंग) एक व्हॅल्यू शून्य केली की प्रिंट येते, म्हणजे सिक्युरिटीचा पॅच आपणच निकामी केला. शिवाय जुन्या ३२-बिट मशीनसाठी ३२-बिट ड्रायव्हर शोधायची कटकट राहतेच.

दुसरा पर्याय, प्रिंटरलाच नेटवर्क पोर्ट असेल तर मधे कुणी नकोच. ९१०० पोर्टवर रॉ (डेटा आहे तसा पाठवणं) किंवा ५१५ वर एलपीआर (नेटवर्कवरून प्रिंट पाठवायची जुनी पद्धत), दोन्ही एक्सपीला येतं. फक्त विझार्डमध्ये "नेटवर्क प्रिंटर" वर क्लिक करू नका, "लोकल प्रिंटर" घ्यायचा, ऑटो डिटेक्टची टिक काढायची आणि स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवायचा. उलटं वाटतं पण तसंच आहे. प्रिंटरचा आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह करून टाका, नाहीतर एक दिवस पत्ता बदलणार आणि सगळे तुम्हाला हाक मारणार. विंडोज ७ वर प्रिंटर चालू असून ऑफलाइन दिसत असेल तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती विचारणारी सोय) टिक काढून बघा. प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं हे सांगणाऱ्या प्रिंटरच्या भाषा) कळत असेल तर हा मार्ग सर्वात स्वस्त आणि टिकाऊ, इथेच थांबा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण स्वस्तातला होस्ट-बेस्ड लेझर असेल (जो पान स्वतः तयार करत नाही, ते काम संगणकावर सोडतो), ज्याचा एक्सपी ड्रायव्हर कंपनीने कधी काढलाच नाही, तर नुसता पोर्ट बनवून काही उपयोग नाही.

अशा वेळी तिसरा, म्हणजे छोट्या लिनक्स मशीनवर कप्स, हे प्रिंटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर. मला हाच आवडतो. कप्स ६३१ पोर्टवर आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंगची पद्धत) बोलतं आणि एक्सपीमध्ये आयपीपी क्लायंट आधीच आहे, "इंटरनेटवरचा प्रिंटर" निवडून एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता द्यायचा, त्यात सर्व्हरचा आयपी, ६३१, मग प्रिंटर्स आणि शेवटी क्यूचं (कप्सवर प्रिंटरसाठी बनवलेल्या नोंदीचं) नाव. एचटीटीपीएस नको, एक्सपीच्या जुन्या टीएलएसवर (एन्क्रिप्शनची पद्धत) अडकतं. प्रिंट साध्या एचटीटीपीवर जाते, म्हणून हे फक्त आतल्या नेटवर्कवर. आणि खरी मजा पुढे, जुन्या मशीनवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लागतच नाही, एक्सपीसोबत येणारा कुठलाही साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर लावा, तो पोस्टस्क्रिप्ट पाठवतो, कप्स घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामकडून त्याचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करून घेतं.

यात मी एकदा आपटलोय. क्यू बनवताना घाईत मॉडेलच्या जागी "रॉ" निवडलं. एक्सपीवरून तीन ओळींचं पत्र पाठवलं, तर पहिल्या पानावर वरच टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह, "पीएस-अडोबी-३.०" आणि खाली नुसता कोड, पानामागून पान, ट्रे रिकामा होईपर्यंत. रॉ म्हणजे कप्स काही बदलत नाही, आलं तसं पुढे ढकलतं. क्यूला नीट मॉडेल दिलं आणि दोन मिनिटांत काम झालं.

कप्सचा तोटा एकच पण मोठा. काही कंपन्यांचे लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी असतात, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालत नाहीत. पाय विकत घ्यायच्या आधी हे बघा. पडून असलेला जुना पीसी इथे जास्त कामाचा.

राहिलं डॉसचं बिलिंग सॉफ्टवेअर, जे थेट एलपीटी१ (संगणकाचा जुना प्रिंटर पोर्ट) वर लिहितं आणि आयपीपी वगैरे काही ओळखत नाही. त्याला शेअर केलेलाच प्रिंटर लागतो, पण तो नव्या मशीनवर असायची गरज नाही. एक्सपीवरच एलपीआर पोर्टचा लोकल प्रिंटर बनवा, त्याच मशीनवरून शेअर करा, आणि "नेट यूज" कमांडने एलपीटी१ त्या स्वतःच्याच शेअरला जोडा. सर्व्हर कप्सचा असेल तर त्यावर एलपीडीची (एलपीआरने येणारी प्रिंट स्वीकारणारी) सेवा वेगळी चालू करावी लागते, आपोआप येत नाही. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स असेल तर त्याचे कोड डॉस प्रोग्राम स्वतःच पाठवतो, तेव्हा इथे मात्र क्यू रॉच ठेवायची.