जोडलेल्या काट्यांचे लाकडी घड्याळ: चार महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी सहा वर्षांची असून पहिलीत शिकते. भिंतीवरचे घड्याळ तिला वाचता यावे म्हणून आम्ही आजवर सरावाची दोन घड्याळे विकत घेतली. पहिले घोडबंदर रस्त्यावरच्या एका मॉलमधून घेतलेले, पुठ्ठ्याचे. दुसरे चार महिन्यांपूर्वी नौपाड्यातील खेळण्यांच्या एका लहानशा दुकानातून आणलेले, लाकडी. हा अभिप्राय दुसऱ्या घड्याळाविषयी आहे, परंतु पहिल्याने काय बिघडवले ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे मोल ध्यानात येणार नाही.

पुठ्ठ्याच्या घड्याळाचे दोन्ही काटे एकाच खिळ्यावर सुटे फिरत. "साडेतीन लाव बघू," असे म्हटले की मुलगी मोठा काटा सहावर आणि छोटा काटा नेमका तीनवर ठेवी, आणि आम्ही तिला शाबासकी देत असू. खऱ्या घड्याळात काटे असे कधीच दिसत नाहीत. साडेतीनला छोटा काटा तीन आणि चार यांच्या बरोबर मध्यावर असतो. परिणामी, तीनला दहा मिनिटे कमी असताना छोटा काटा तीनला जवळजवळ टेकलेला पाहून ती ठामपणे "तीन वाजून पन्नास मिनिटे" असे सांगू लागली. यात तिची चूक नव्हती. आम्हीच तिच्या हाती चुकीचे साधन दिले होते.

लाकडी घड्याळाच्या पाठीमागे दातेरी चाके आहेत. मोठ्या काट्याचा एक फेरा पूर्ण झाला की छोटा काटा आपोआप पुढच्या आकड्यावर, म्हणजे 30 अंशांनी सरकतो. दुकानदाराने खोका उघडून काटे फिरवून दाखवले, आणि मुलगी तिथेच काउंटरला टेकून मोठा काटा सावकाश फिरवत छोट्याकडे पाहत राहिली. "आई, हा पण चालतो!" हे तिचे वाक्य ऐकले आणि मी दुसरे काही न पाहता 450 रुपये दिले. छोटा काटा आणि तासांचे आकडे लाल, मोठा काटा आणि कडेने छापलेले मिनिटांचे आकडे निळे आहेत, त्यामुळे कोणत्या काट्याने काय वाचायचे हे वेगळे समजावावे लागत नाही.

सोबतची सरावपत्रे मात्र केवळ इंग्रजीत आहेत आणि मराठी घरासाठी ती अपुरी पडतात. आपल्याकडे सव्वा, साडे आणि पावणे यांच्याशिवाय वेळ सांगितलीच जात नाही. त्यातही दीड आणि अडीच हे शब्द स्वतंत्रपणे शिकावे लागतात, नाहीतर मूल नियमाला धरून "साडेदोन" म्हणते आणि मोठी माणसे उगीच हसतात. सर्वांत अवघड जाते ते पावणे, कारण सव्वाचारमध्ये वाजून गेलेले चार असतात, तर पावणेचारमध्ये अजून वाजायचे असलेले. सासूबाईंनी कोऱ्या पत्रांवर हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दिले. पावणेचारचे पत्र समोर ठेवून काटे फिरवले, तेव्हा छोटा काटा चारच्या जवळ आलेला पाहून मुलीला त्या शब्दातील "पाव कमी" आपसूक कळले. सुट्या काट्यांच्या घड्याळावर हे दाखवता आले नसते.

ठाणे स्टेशनवरच्या इंडिकेटरचे आकडे ती आधीपासूनच वाचत असे, पण 7:10 वाचता येणे वेगळे आणि शाळेची बस यायला किती अवकाश आहे हे कळणे वेगळे. आता सकाळी दूध पिताना ती भिंतीवरच्या घड्याळात मोठा काटा दोनवर येईपर्यंत किती घरे उरली ते मोजते, आणि त्या घरांचे पाच-पाच करून मिनिटे सांगते.

दोन उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. चाकांमध्ये किंचित ढिलाई असल्यामुळे काटा उलटा फिरवला की छोटा काटा थोडा मागे रेंगाळतो. म्हणून तो नेहमी पुढेच फिरवावा. शिवाय दोन आकड्यांच्या मधल्या मिनिटांच्या खुणा तबकडीवर नाहीत, त्यामुळे पाचाच्या पटीपलीकडची वेळ शिकवता येत नाही. त्या खुणा मी निळ्या मार्करने स्वतः काढल्या असून, चार वाजून सात मिनिटे कशी दिसतात हे मुलगी सध्या त्यांवरूनच शिकत आहे.