घोकायचं की तुकडे पाडायचे?

‘डब्ल्यू-ई-डी-एन-ई-एस...’ आमच्या पिढीनं इंग्रजी स्पेलिंगं अशी सुरात घोकली. मधलं एक अक्षर निसटलं की पुन्हा ‘डब्ल्यू’पासून.

दुसरी रीत शब्द तोडण्याची. ‘डिनर’मध्ये दोन ‘एन’. एकेक दोन्हीकडे वाटला की पहिला तुकडा व्यंजनावर बंद होतो, ‘आय’ आखूड राहतो. एकच ‘एन’ असला तर तो बहुधा पुढच्या तुकड्यात जातो, ‘आय’ मोकळा सुटतो: ‘डायनर’. लेकीला टाळ्या वाजवत हे दाखवलं, तर ‘रॅबिट’चे दोन ‘बी’ तिनं आपणहून लिहिले. बाराखडीमुळे ऱ्हस्व-दीर्घ कानाला ठाऊक असतंच.

माझं मत तुकड्यांना. मात्र ‘सेड’, ‘वन’, ‘टू’ अशी उच्चाराशी न जुळणारी स्पेलिंगं मुकाट्यानं पाठच करावीत.