‘एपोक’ आणि ‘स्तील’मधला फरक मला ३,८०० युरोंना पडला

मी मूळची सावंतवाडीची. लाखेची खेळणी आणि गंजिफा बघत वाढले, त्यामुळे लाखकाम आपल्याला कळतं असा फाजील आत्मविश्वास होता. पॅरिसमधल्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानदाराने तो बरोबर हेरला.

वस्तू म्हणजे कोपऱ्यात बसणारं छोटं कपाट. काळंभोर, दारावर सोनेरी डोंगर, पूल, बगळे. कडेने मुलामा दिलेले ब्राँझचे वेल, वर संगमरवरी फळी. "पंधराव्या लुईच्या काळातलं आहे, मादाम. लाख अस्सल जपानी." फळी उचलून त्याने खाली लाकडात ठोकलेला ठसा दाखवला: दुबुआ. फर्निचर बनवणारा पॅरिसचा नामांकित कारागीर झाक दुबुआ १७४२ साली उस्ताद झाला, १७६३ मध्ये वारला, एवढं मी वाचलेलं होतं. त्या काळी पॅरिसचे व्यापारी जपानी पेट्या विकत घेऊन त्यांचा लाखेचा पातळ पापुद्रा सोडवून घेत आणि कारागिरांकडून तो वळणदार दारांवर बसवून घेत, हेही ठाऊक होतं. पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का हिच्यासाठी १७३७ मध्ये असंच एक कमोड बनलं (कमोड म्हणजे खणांचं कपाट, हसू नका). ते आज लूव्रमध्ये आहे. दुकानदाराने त्याचाही दाखला दिला. "जोडीतलं दुसरं हरवलं, म्हणून एवढं स्वस्त."

खऱ्या दुबुआच्या मानाने ३,८०० युरो म्हणजे फुकटच. तिथेच थांबायला हवं होतं.

चार महिन्यांनी ब्राँझचा एक वेल सैल झाला म्हणून दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने आधी दार उतरवून मागून टॉर्च मारला. लाकडावर धनुष्यासारखे गोल चरे. म्हणजे यंत्राची गोल करवत. दुबुआच्या काळी लाकूड हातकरवतीने कापत, चरे सरळ येतात. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्याने दाराच्या आतल्या कडेवर हलकेच फिरवला. बोळा काळा झाला, आणि खोलीभर वास पसरला. आमच्या आळीतला सुतार खुर्च्यांना पॉलिश करायचा, तोच वास! जपानी लाख म्हणजे झाडाचा चीक. एकदा वाळला की स्पिरिट त्याला काही करत नाही. विरघळते ती आपली, किड्यांची लाख. ज्या लाखेत मी लहानाची मोठी झाले, तीच मला ओळखता आली नाही. आणि ठसा? तो काय, कोणीही ठोकतो.

बिल घेऊन दुकानात गेले. त्याने शांतपणे एका शब्दावर बोट ठेवलं. तोंडाने तो ‘एपोक लुई केंझ’, म्हणजे पंधराव्या लुईच्या काळातलं, म्हणाला होता, कागदावर होतं ‘स्तील लुई केंझ’. १९८१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ‘एपोक’ लिहिलं तर वस्तू त्याच काळातली असल्याची हमी विक्रेत्याला द्यावी लागते. ‘स्तील’ म्हणजे फक्त त्या धाटणीचं, मग ते गेल्या वर्षी बनलेलं का असेना. बोललेल्याला साक्षीदार नव्हता. तेव्हा घासाघीस नंतर करा, आधी त्याच्याकडून ‘एपोक’ लिहून घ्या. लिहायला का कू करू लागला तर उठा.

बाहेर पडताना दुकानाच्या मागच्या कोपऱ्याकडे नजर गेली. डोंगर, पूल, बगळे. ‘हरवलेलं’ दुसरं कपाट तिथे उभं होतं, एक बाई कौतुकाने त्याची फळी उचलून बघत होती.