संदेष्ट्याला सगळं ठाऊक असतं, कारण चिठ्ठी आपणच भरलेली असते

"तुमच्या मुलाचं ऑपरेशन मंगळवारी आहे. प्रभूने मला दाखवलं." अनोळखी नंबरवरून असा फोन आला की ख्रिस्ती घरातल्या भल्याभल्यांचे पाय लटपटतात. भगताची पायरी जन्मात न चढलेली माणसं इथे अलगद सापडतात. समोरचा लिंबू-टाचणीची भाषा बोलत नाही. तो बायबलमधलं स्तोत्र 91 म्हणतो, अभिषेकाच्या तेलाचं नाव घेतो आणि 'करणी'ऐवजी 'पिढीजात शाप' म्हणतो. माल तोच, फक्त वेष्टन ओळखीचं.

या धंद्याचं यंत्र नेमकं कसं चालतं हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते 1986 साली अमेरिकेत. पीटर पोपॉफ हा तिथला गाजलेला 'रोग बरे करणारा' प्रचारक. भर सभेत तो एखाद्याला नावाने हाक मारायचा, आजार सांगायचा, घराचा पत्ताही सांगायचा. जेम्स रँडी या जादूगाराला शंका आली ती एका साध्या गोष्टीवरून: पोपॉफच्या कानात काहीतरी होतं. ज्याच्या हातून बहिरे बरे होतात, त्याला श्रवणयंत्र कशाला? सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत रँडीचे सहकारी रेडिओ स्कॅनर घेऊन बसले आणि 39.17 मेगाहर्ट्झवर त्यांना 'देवाचा आवाज' सापडला. तो पोपॉफच्या बायकोचा, एलिझाबेथचा होता. सभेआधी लोकांनी भरलेल्या प्रार्थना-विनंतीच्या चिठ्ठ्या ती मागच्या बाजूला बसून वाचत होती, आणि नवरा ते ऐकून मंचावर बोलत होता. ते ध्वनिमुद्रण जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजलं. 1987 मध्ये पोपॉफने दिवाळखोरी जाहीर केली.

याच तपासातला आणखी एक भाग जास्त बोलका आहे. रँडीचा साथीदार डॉन हेन्विक डेट्रॉइटच्या सभेत बाईच्या वेशात गेला, आजार सांगितला गर्भाशयाचा कर्करोग. पोपॉफने तो 'बरा' केला. म्हणजे चिठ्ठीत खोटं असेल तर दर्शनातही तेच खोटं उतरतं. या एका प्रसंगातून जी कसोटी हाती लागते तिला खर्च शून्य, आणि ती आजही चालते. खोटं लिहायला मन धजत नसेल तर एका ठिकाणी बाप्तिस्म्याचं नाव द्या, दुसऱ्या ठिकाणी घरातलं लाडाचं नाव. 'संदेश' कुठल्या नावाने येतो त्यावरून माहिती कुठून गळली ते कळतं. आत्म्यांची परीक्षा करा असं योहानाच्या पहिल्या पत्रात (4:1) स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा यात अश्रद्धा कसली?

चाकाच्या खुर्चीचा प्रकारही तेव्हाच उघड झाला. चालत आलेल्या वयस्कर माणसाला स्वयंसेवक अदबीने खुर्ची देतात, ढकलत पुढे नेतात, आणि मंचावरून आदेश होतो, "ऊठ!" तो उठतो, कारण तो आधीपासूनच चालत होता. आखूड पाय लांब करण्याची युक्ती तर बुटात असते: एका पायातला बूट टाचेकडे थोडा ओढून ठेवायचा, मग प्रार्थना करत हळूच परत आत सरकवायचा. मोजे-बूट काढून पाहा म्हटलं की चमत्कार पुढच्या आठवड्यावर जातो.

आता चिठ्ठीची जागा फोनने घेतली आहे. यूट्यूबवरच्या थेट प्रार्थनेखाली लोक स्वतःच लिहितात, 'मुलाचं मंगळवारी ऑपरेशन, प्रार्थना करा'. प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नंबर दिसतो, फेसबुकवर घरच्यांचे फोटो असतात, दुःखद निधनाच्या सूचनेत सगळ्या नातलगांची नावं ओळीने छापलेली असतात. एवढ्यावर अर्ध्या तासाचं 'दर्शन' तयार होतं. उरलेली फट अंदाजाने भरतात. "तुमच्या घराण्यात जॉन किंवा जोसेफ नावाचं कुणी होतं का?" वसईच्या कुठल्या कॅथलिक घराण्यात नव्हतं? "घराजवळ पाणी दिसतंय, विहीर असावी." तिथल्या जुन्या वाडीत विहीर नसेल तर नवल. चुकलेले अंदाज आपण विसरतो, लागलेला एक रात्रभर आठवतो.

मग पैसे, आणि यालाही क्रम ठरलेला. पहिली रक्कम किरकोळ आणि वचनाशी बांधलेली: स्तोत्र 91 म्हणून 91 रुपये, 'बीज' म्हणून. हे पैसे कमवायला नसतात, देणारा कोण आणि न देणारा कोण हे निवडायला असतात. दुसऱ्या फोनवर शाप 'मोठा' निघतो. तिसऱ्यावर मुदत लागते, बहुधा आज मध्यरात्रीपर्यंत, आणि अट येते की पाळकाला किंवा फादरना सांगू नका, त्यांना या वरदानाचा हेवा वाटेल. ही अट कानावर पडली की पुढचं काही ऐकायची गरज नाही. पैसे 'मिळतील' म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

प्रार्थनेच्या विनंत्यांचं पुढे काय होतं तेही माहीत असलेलं बरं. 1991 साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने रॉबर्ट टिल्टन या टीव्ही प्रचारकाला आलेल्या विनंतीपत्रांचा माग काढला. पैसे काढून घेतलेली पत्रं टल्सा शहरात कचऱ्याच्या पेटीत सापडली.

घरी येऊन शापातून 'सुटका' करणारे थोडं रसायनशास्त्रही बाळगतात. साध्या पाण्यात हात धुवायला लावले आणि पाणी लाल झालं, म्हणजे शापाचं रक्त बाहेर आलं. प्रत्यक्षात हाताला आधी 'अभिषेक' म्हणून हळद लावलेली असते आणि पाण्यात चुन्याची निवळी किंवा धुण्याचा सोडा असतो. अशा अल्कधर्मी पाण्यात हळद लाल होते. त्या लाल पाण्यात लिंबू पिळा. पिवळं झालं तर रक्त नव्हतं. (लिंबू शेवटी उपयोगी पडलं ते असं.) अंगणातून उकरून काढलेल्या पुडीबद्दल एवढंच विचारा, की जागा कुणी दाखवली आणि पहिला हात कुणाचा गेला.

आता मुख्य गोष्ट. ख्रिस्ती परंपरा चमत्कार नाकारत नाही, आणि म्हणूनच तिने किमतीची कसोटी फार आधी लावून ठेवली आहे. शोमरोनात सिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत मागितलं तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला त्याच्या चांदीसकट झिडकारलं (प्रेषितांची कृत्ये 8). नामान या सेनापतीचं कोड गेल्यावर अलीशा या संदेष्ट्याने दमडी घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी नामानामागे धावत जाऊन दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि कपड्यांचे दोन जोड घेऊन आला, आणि ते कोड त्याला लागलं (2 राजे 5). सुरुवातीच्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'दिदाखे' या नियमपुस्तिकेत तर सरळच सांगितलं आहे: फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकेल तर तो खोटा, निघताना पैसे मागेल तर तो खोटा, आणि आत्म्याच्या नावाने 'मला पैसे द्या' म्हणणाऱ्याचं ऐकूच नका, दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल तर गोष्ट वेगळी. ही पुस्तिका पहिल्या-दुसऱ्या शतकातली. म्हणजे भामटे तेव्हाही दारोदार फिरत होते.

कॅथलिक ख्रिस्तसभेत भूत काढण्याचा विधी कुणीही उठून करू शकत नाही. 1983 च्या धर्मसंहितेतला नियम 1172 सांगतो की धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याची (म्हणजे मुख्यतः बिशपची) स्पष्ट, खास परवानगी असलेला धर्मगुरूच तो करू शकतो. नियम 1190 नुसार पवित्र अवशेषांची विक्री पूर्ण निषिद्ध आहे. त्यामुळे कुणी 'संतांच्या हाडाचा तुकडा' कुरियरने पाठवतो म्हणाला तर वस्तू खरी की खोटी हा प्रश्नच उरत नाही. प्रोटेस्टंट मंडळीत बिशपचा हा नियम लागू नाही, पण पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) असते, खजिनदार असतो, पावती असते. व्यक्तीच्या खाजगी खात्यात 'दशमांश' (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मागणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

पैशापेक्षा मोठा धोका औषधांचा. पोपॉफच्या सभांत लोक हृदयविकाराच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या विश्वासाची खूण म्हणून मंचावर फेकत. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. आकडीच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर न थांबणारे झटके येऊ शकतात. 'बरे झालात' असं कुणी म्हणालं तर तपासणी करून घ्या, आणि गोळी डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्रीसुद्धा बरे झाल्याचे दावे तपासणारं डॉक्टरांचं कार्यालय आहे. हजारो दाव्यांतून ख्रिस्तसभेने आजवर मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपास आहेत.

पैसे गेले असतील तर लाजेत वेळ घालवू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा ओळख) क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, कॉलची वेळ आणि आवाजी संदेश जपून ठेवा, गट सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. बांधून ठेवणं, मारहाण, कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर उपचार रोखणं किंवा चमत्कार दाखवून पैसे उकळणं असेल तर महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. नुसती प्रार्थना करणं गुन्हा नाही. पोलीस ठाण्यात तक्रार देताना हा फरक नीट मांडा.

आणि काही दिवसांनी दुसरा फोन येईल. पहिला संदेष्टा खोटा होता, त्याचा शाप मी काढतो. किंवा मी सायबर खात्यातून बोलतोय, पैसे सुटलेत, फक्त प्रक्रिया शुल्क भरा. एकदा फसलेल्यांची यादी पुढे सरकते. 1930 वर तक्रार नोंदवायला एक रुपयाही लागत नाही.