मोटरवाल्याने घेतलेली रेसची गाडी: टीटी-०२, नऊ महिने आणि डाळ मिलचं अंगण

जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देणं हा माझा धंदा. जळगावात, वीस वर्षं. पाच एचपीची पाणबुडी मोटर दुकानात आली की खोलायच्या आधीच वासावरून सांगतो, फेज गेला होता की बेअरिंग बसलं होतं. त्यामुळे रिमोटची रेस कार घ्यायचं ठरलं तेव्हा घरच्यांना वाटलं, याला काय शिकवायचं, मोटर तर याचा हातचा मळ. मलाही तसंच वाटलं. पहिले चार हजार रुपये त्या समजुतीतच गेले.

गाडी आहे तामिया या जपानी कंपनीची टीटी-०२. १/१० स्केल, चारही चाकं ओढणारी, मधून शाफ्ट, खाली टबसारखा प्लास्टिकचा चॅसिस. हा चॅसिस २०१३ साली आला, म्हणजे नवलाई केव्हाच संपलेली. मी घेतला तो याच कारणासाठी. आमच्याकडे केळीवाला शेतकरी पंप घेताना आधी विचारतो, "याचं इंपेलर तालुक्याला मिळतं का?" नाही म्हटलं की कितीही भारी पंप असो, तो पुढच्या दुकानात जातो. रेसच्या गाडीलाही हाच प्रश्न विचारायचा, फक्त तालुक्याच्या जागी पुणे-मुंबई धरायचं. दोनशे रुपयांचा तुकडा मोडला आणि तो यायला महिना लागला, तर गाडी शोकेसमध्येच. टीटी-०२ चे सुटे भाग खुद्द कंपनीचे मिळतात, बाहेरच्या दहा जणांचेही मिळतात, आणि प्रत्येक रेसवाल्याच्या डब्यात दोन-चार पडलेले असतातच.

पुतण्याला डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ हवी होती. १/१४ ची बग्गी, खाली धातूची पट्टी, डब्यातून काढली की पळते. शेताच्या बांधावर मजा करायला ती बेस्ट. पण आम्ही पुढे जिथे गेलो तिथे तिचा क्लासच (स्पर्धेचा गट) नव्हता. पुण्याच्या ज्या रेसला जायचं ठरवलं, तिथला नवशिक्यांचा क्लास म्हणजे १/१० टूरिंग, किटमधली (गाडीच्या खोक्यातच येणारी) साधी चंदेरी ५४० मापाची मोटर आणि सगळ्यांना एकाच प्रकारचे टायर. हे मला कळलं गाडी घेऊन झाल्यावर. नशिबाने गाडी क्लासात बसली. मोटर नाही बसली.

ती मोटरची गोष्ट आधी सांगून टाकतो. किटमध्ये येणारी ५४० म्हणजे तीन खाचांचं आर्मेचर (तार गुंडाळलेला फिरता भाग), फेराइटचं चुंबक, साधारण २७ वेढे. वेढे कमी आणि तार जाड केली की रेझिस्टन्स कमी, आरपीएम जास्त, करंटही जास्त. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून गाडीच्या आधी २१ वेढ्यांची मोटर मागवली, आणि तिच्या नादात एक जुनी ५४० दुकानात फोडून स्वतः २० वेढ्यांची भरली. तिचा डबा कडा दाबून बंद केलेला असतो, उघडण्यासाठी तो बनवलेलाच नाही. उघडला, भरली, वार्निश दिलं, लावली. पहिल्या मिनिटाला गाडी अशी सुटली की पुतण्या ओरडलाच. सातव्या मिनिटाला टेंपरेचर गन लावली तर डब्याचं तापमान शंभराच्या वर, आणि ब्रशचा तो ओळखीचा करपट वास. पाणबुडीला आर्मेचर बॅलन्स करायचा प्रश्नच येत नाही, तिथे रोटर आयता येतो. इथे तीन खाचांत तारेच्या एका फेऱ्याचा फरक पडला तरी पंधरा हजार आरपीएमला सगळं थरथरतं. वीस वर्षांचा अनुभव सात मिनिटांत जळाला. पुढे कळलं की क्लासात या दोन्ही मोटरी चालत नाहीत. आता गाडीत साधी चंदेरी आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

गाडी घेतली सेकंडहँड, ८,५०० ला, दिवाळीनंतर. सोबत एक बॉडी आणि सुट्या स्क्रूंचा डबा. आधीच्या मालकाने खोलून-जोडून बरेच आटे खाल्ले होते. इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण यात माझे आठ स्क्रू गेले. तामियाच्या स्क्रूचं डोकं फिलिप्ससारखं दिसतं पण ते जपानी जेआयएस मापाचं असतं. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की टोक वर सरकतं आणि डोकं चाटून जातं. जेआयएसचा एक चांगला ड्रायव्हर घ्या, मला तीन-चारशे रुपयांत मिळाला. दुसरं, हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. परत लावताना सरळ पिळू नका. आधी उलटा फिरवा, बोटाला टुक् असं जाणवेल, म्हणजे स्क्रू जुन्या आट्यात पडला. मग सुलटा. हे न केल्यास प्रत्येक वेळी नवा आटा पडतो आणि चौथ्या-पाचव्या वेळेला भोक मोकळं.

किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश येतात. किंमत आवाक्यात ठेवायची तर कुठेतरी हात आखडावा लागतो, समजू शकतो. पण रेस करायची असेल तर पहिला खर्च बेअरिंगचा. बहुतेक ११ बाय ५ मिलिमीटरची, डिफरन्शियलला १५ बाय १० ची. ज्याने आयुष्यभर ६२०४ नंबरचं मोठं बेअरिंग ठोकून बसवलं, त्याला हे बेअरिंग करंगळीच्या नखावर ठेवल्यावर हसूच येतं. सातशे रुपयांत पूर्ण सेट आला, रबर सीलवाला. बुश काढून बेअरिंग टाकल्यावर चाक बोटाने फिरवून सोडलं तर थांबायचं नावच घेईना. त्याच मोटरवर, त्याच बॅटरीवर गाडी पळायला लागली आणि मोटर थंड राहायला लागली. चार हजारांच्या मोटरीने जे केलं नाही ते सातशेत झालं. लिहिताना अजूनही थोडं टोचतं.

ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) हॉबीविंगची क्विकरन १०६०. साधी, ब्रशवाल्या मोटरची, पाण्याला न घाबरणारी. तिच्यात बॅटरी निवडायला एक इवलासा जंपर असतो, एका बाजूला लिपो (लिथियम पॉलिमर), दुसऱ्या बाजूला एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड). मी ती जुनीच घेतली होती आणि जंपर न बघता लावली. तो एनआयएमएचवर होता. त्या सेटिंगला ईएससी बॅटरी फार खाली जाईपर्यंत ओढत राहते. माझा पहिला टू-एस (दोन सेलचा) लिपो पॅक दुसऱ्याच रविवारी एका सेलला २.६ व्होल्टवर आला आणि संध्याकाळपर्यंत पापडासारखा फुगला. ३,२०० रुपये. दोष माझा, दुसऱ्या कुणाचा नाही.

तेव्हापासून नेम असा: सेल ४.२ च्या वर नाही, ३.३ च्या खाली नाही, दोन दिवस वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवायची. ५,००० एमएएचचा पॅक ५ अँपिअरवर चार्ज करायचा, बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे भरणारी) लावूनच. गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. हे शेवटचं वाक्य युरोपात लिहायला सोपं आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला असतो तेव्हा बॅटरी थंड होण्याची वाट बघणं म्हणजे पाऊस कधी येतो ते बघणं. मी माठाच्या बुडाखाली ओलं बारदान पसरतो, त्याच्या शेजारी कोरड्या डब्यात बॅटरी ठेवतो. चार्जर बी-सिक्स या प्रचलित मॉडेलच्या धाटणीचा, बारा व्होल्टवर चालणारा. त्याचा फायदा इथे कळतो. लाइट गेली तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून चालतो. आणि हो, लिपो विमानाने सहज पाठवत नाहीत, ती रस्त्याने येते. मला अकरा दिवस लागले. रेसच्या आदल्या आठवड्यात मागवू नका.

सर्व्होवर (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) मी सुरुवातीला कंजुषी केली. रोबोटिक्सचं सामान विकणाऱ्याकडून एक स्वस्त मेटल गिअरवाला घेतला. ताकद भरपूर, पण मध्यावर येईना. डावीकडून सोडला तर एका जागी थांबे, उजवीकडून सोडला तर दुसऱ्या. सरळ रस्त्यावर गाडी बैलगाडीसारखी हेलकावत जायची आणि मी रिमोटवरचा ट्रिम (मध्य जुळवायचं बटण) फिरवत बसायचो. शेवटी २,१०० चा बरा डिजिटल सर्व्हो घेतला, सोबत घट्ट सर्व्हो सेव्हर (धडकेत सर्व्हो वाचवणारा जोड). जुन्या स्टिअरिंगच्या खिळखिळ्या जोडांत पातळ शिम (चकत्या) टाकले. आता ट्रिमला हात लावत नाही. रेडिओ डंबोआरसीचा एक्स-सिक्स, स्वस्त आणि पुरेसा. ड्युअल रेट (चाकं किती वळावीत ते ठरवायची सोय) आहे. जायरोवाला (गाडी आपोआप सरळ ठेवणारा) रिसीव्हर घेणार असाल तर रेसला जायरो चालतो का हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी नाही चालत.

आता अंगण. आमच्याकडे तयार ट्रॅक नाही. एमआयडीसीत ओळखीच्या शेठची डाळ मिल आहे, तिच्या मागे तूर वाळवायचं सिमेंटचं मोठं अंगण. रविवारी माल नसतो. केळीच्या बागेतून निघालेल्या ठिबकच्या जुन्या सोळा एमएमच्या नळ्या अंथरून आम्ही वळणं आखतो. नळी लवचिक, गाडी धडकली तर नळी सरकते, गाडी मोडत नाही. पुण्याला जाऊन पाहिलं तर तिथेही पाइपच होते, फक्त जाड.

या अंगणाची एकच अडचण: चुनी. डाळ भरडताना निघणारी ती पिवळट भुकटी सिमेंटच्या रंध्रात बसलेली असते. झाडून जात नाही. पहिल्या रविवारी किटचे टायर लावून गाडी सोडली तर पहिल्याच वळणावर ती स्वतःभोवती गिरकी घेऊन उलटं तोंड करून उभी. टायर हातात घेतले तर रबरावर चुनीचा गुळगुळीत थर, पिठात घोळवलेल्या भज्यासारखा. आम्ही आधी अंगण ओल्या पोत्याने पुसलं, सुकू दिलं, मग दहा मिनिटं नुसती हळू चालवली. चाकांच्या मार्गावर एक काळपट पट्टा तयार झाला. त्या पट्ट्यावर गाडी चिकटते, हातभर बाहेर गेली की सुटते. रेसिंग लाइन हा शब्द मी ऐकला होता, दिसली तेव्हा पहिल्यांदा. मग मऊ रबराचे २६ मिलिमीटरचे टायर घेतले, १,८०० चा सेट, रिमला फेविक्विकने चिकटवले. पुतण्याच्या मोबाइलवर एक फेरी बारा सेकंदांच्या आसपास होती, ती अकराच्या आत आली. किटच्या नुसत्या घर्षणावर चालणाऱ्या डँपरऐवजी (धक्के शोषणाऱ्या नळ्या) तेलाचे डँपर टाकल्यावर अजून थोडी. टायरइतकी नाही.

शेठ पहिल्या दिवशी खुर्ची टाकून बघत होते. बिल ऐकून म्हणाले, "का रे भो, एवढ्यात तर सेकंडहँड लुना आली असती!"

बॉडीवर फार लिहीत नाही. पॉलिकार्बोनेटची असते, रंग आतून द्यायचा, आणि त्याचाच खास रंग द्यायचा. मी हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे मारला, दुसऱ्या धडकेत पापुद्रे निघाले.

फेब्रुवारीत पुण्याला गेलो. पाच-पाच मिनिटांच्या हीट (फायनलआधीच्या फेऱ्या). पहिल्या हीटला दोन मिनिटं झाली आणि गाडी वळणावर थांबली. मोटरचा आवाज मात्र येतोय, उंच, मोकळा, भार नसल्यासारखा. हा आवाज मी झोपेत ओळखतो. पंपाची कपलिंग सुटली की हाच. मार्शलने (अडलेल्या गाड्या उचलायला ट्रॅकवर उभा असणारा) गाडी उचलून दिली, खाली पाहिलं तर पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू ढिला होऊन पिनियन शाफ्टवर नुसता फिरत होता. थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब लावला नव्हता. माझ्या दुकानात थ्रेडलॉकची बाटली कायम उघडी असते, हे सांगायला लाज वाटते. घट्ट करायला गेलो तर स्वस्तातली दीड एमएमची एल-की आतल्या आत गोल झाली. शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी पोराने स्वतःचा ड्रायव्हर दिला, वर थ्रेडलॉकही दिलं. आपली हीट झाली की पुढच्या हीटला आपण मार्शल व्हायचं, असा नियम असतो. त्या पोराची गाडी दोनदा उलटली, दोन्ही वेळा मीच सरळ केली. शेवटच्या फायनलमध्ये आठांत सहावा आलो. गाडी एकाही भागाला इजा न होता घरी आली.

पैशाचा हिशेब विचारणारे बरेच असतात, म्हणून: गाडी ८,५००, ईएससी १,५०० जुनी, रेडिओ ३,८००, सर्व्हो २,१००, बेअरिंग ७००, बॅटरी ३,२०० (फुगलेली धरली तर दुप्पट), चार्जर २,४००, टायर १,८००, डँपर १,६००, ड्रायव्हर आणि किरकोळ ९००. साडेसव्वीस हजार. वाया गेलेलं वेगळं: मोटर, बॅटरी, सर्व्हो मिळून आठ हजारांवर. हत्यारं, चार्जर आणि रेडिओ पुढच्या गाडीलाही चालतील, त्यामुळे तिथे हात आखडू नका. वेगावर खर्च करायची घाई करू नका.

उन्हाळ्यात एक नवीन प्रकार कळला. ईएससी आणि रिसीव्हर दुहेरी टेपने चिकटवलेले असतात. मेमध्ये चार वाजता अंगणात गाडी ठेवली, दहा मिनिटांनी टेपचा डिंक पातळ होऊन ईएससी वायरींवर लोंबकळत होती. आता टेपवरून एक केबल टाय. सकाळी आठच्या आत चालवायची, नाहीतर दिवस मावळल्यावर.

गेल्या रविवारी पावसाने उघडीप दिली म्हणून अंगणात होतो. शेठ चहा घेऊन आले, कप पुतण्याच्या हातात दिला आणि रिमोट मागितला. ट्रिगर पूर्ण दाबला. गाडी सरळ बारदानाच्या थप्पीत. पुढचा खालचा आर्म (चाक धरणारा दांडा) मधून मोडला. शेठचं तोंड उतरलं, खिशाकडे हात गेला. मी डब्यातून दुसरा आर्म काढला, उलटा फिरवून टुक् झाल्यावर स्क्रू बसवला, आणि बारा मिनिटांत गाडी परत सिमेंटवर ठेवली.

शेठनी रिमोट सोडलाच नव्हता.