एचएसएवाला प्लॅन घेतला, त्याला चौदा महिने झाले

जानेवारी 2025 पासून आम्ही चौघं (मी, नवरा, दोन मुलं, मुक्काम न्यू जर्सी) माझ्या कंपनीच्या एचएसएवाल्या (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट) आरोग्यविमा प्लॅनवर आहोत. त्याआधी सहा वर्षं पीपीओ, म्हणजे नेहमीचा, जास्त प्रीमियमचा विमा होता. डॉक्टरकडे जायचं, तीस डॉलर कोपे (दर भेटीची ठरलेली फी) द्यायचा, घरी यायचं. दर नोव्हेंबरला ओपन एनरोलमेंटच्या (पुढच्या वर्षाचा विमा निवडायच्या) पानावर मी डोळे मिटून तेच बटण दाबायचे.

नव्याने आलेल्यांना आधी एवढं सांगते. भारतातला सुपर टॉप-अप मेडिक्लेम माहीत असेल, तर हा प्लॅन त्याच्या जवळचा. वर्षातला ठरावीक खर्च (डिडक्टिबल) आधी तुमचा, मग विमा जागा होतो. बदल्यात प्रीमियम कमी, आणि एचएसए नावाचं खातं उघडता येतं. त्यात टाकलेल्या पैशावर केंद्राचा कर नाही, वाढीवर नाही, औषधपाण्यासाठी काढले तरी नाही. 2025 साली कुटुंबाला 8,550 डॉलर टाकता येत होते, एकट्याला 4,300; 2026 साली 8,750 आणि 4,400. कंपनी जे टाकते तेही याच मर्यादेत मोजतात, हे बरेच जण विसरतात.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. पीपीओसाठी प्रत्येक पेचेकमागे (दोन आठवड्यांच्या पगारामागे) 265 डॉलर, डिडक्टिबल 800. दुसऱ्याचे 170, पण डिडक्टिबल 4,000. वर्षाला 26 पेचेक, म्हणजे प्रीमियममध्येच 2,470 वाचले, वर कंपनी खात्यात 1,000 टाकणार. एक्सेलमध्ये मी सगळं मांडलं: कमी आजारपण, मध्यम आजारपण, भयंकर आजारपण. तिन्हीत नवा प्लॅन स्वस्त. नवऱ्याला दाखवलं, तोही खूश.

एक्सेलमध्ये मी महिन्यांचे रकाने केलेच नव्हते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगा ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरला. मनगट मोडलं. इमर्जन्सीचं बिल, विमा कंपनीने ठरवून घेतलेला (इन-नेटवर्क) दर लावून, 2,900. हाडांच्या डॉक्टरांचे वेगळे 620. खात्यात तेव्हा होते 650. एफएसएमध्ये (कंपनीमार्फत मिळणारं औषधपाण्याचं दुसरं करमुक्त खातं) वर्षभराची रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एचएसएमध्ये जेवढे जमा झाले तेवढेच. आणि कंपनीचे हजार एकदम येत नाहीत, तिमाहीला 250 येतात. हे छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. शिवाय आमचं डिडक्टिबल अख्ख्या कुटुंबाचं एकच, माणशी वेगळी मर्यादा नाही, म्हणजे एकट्या मुलावर पूर्ण 4,000 पडू शकत होते. निवडताना हा एक प्रश्न एचआरला जरूर विचारा.

हॉस्पिटलने बिनव्याजी हप्ते करून दिले, फक्त त्यासाठी फोनवर पाऊण तास गाणं ऐकावं लागलं. खात्यात जाणारी रक्कम वर्षात कधीही बदलता येते, हे तेव्हा कळलं. मार्चमध्ये पेचेकमागे 200 चे 300 केले, आणि आधी खिशातून भरलेले पैसे नंतर खात्यातून परत घेतले. त्याला मुदत नाही. खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा आणि पावती हवी.

आता जे मला खरं सांगायचंय ते. फेब्रुवारीत लेकीचा कान दुखायला लागला. मी दोन दिवस थांबले. मुलांच्या डॉक्टरांची एक भेट आता 165 डॉलरची आहे, हे डोक्यात होतं. कोमट तेलाच्या गोष्टी आईला फोन करून विचारत बसले. तिसऱ्या दिवशी नेलं तर इन्फेक्शन चांगलंच वाढलेलं. तीस डॉलरला मी एक रात्रही थांबले नसते. आमच्याकडे पैसे नव्हते असं नाही, तरीही थांबले. एक्सेलमध्ये याचाही रकाना नव्हता.

मग सवयी बदलल्या, काही चांगल्याही. नवऱ्याच्या गुडघ्याच्या एमआरआयला हॉस्पिटलचा अंदाज 1,850 आला. दहा मिनिटांवरच्या इमेजिंग सेंटरमध्ये तेच 480 ला झालं. पीपीओच्या काळात मी असा फोन कधी केलाच नसता. मार्चअखेर 4,000 ओलांडले आणि घरात सेल लागल्यासारखं झालं: आता बिलाचे वीस टक्केच भरायचे ना, मग फिजिओ उरका, त्वचेचं दाखवून घ्या! वार्षिक तपासणी आणि फ्लूची लस मोफतच असते. पण त्या मोफत तपासणीत मी सहज खांद्याचं दुखणं काढलं, त्याचे वेगळे 148 लागले.

करात दोन खाचा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही राज्यं एचएसएला ओळखतच नाहीत, म्हणजे त्या पैशावर राज्याचा कर लागतोच. डब्ल्यू-2 वर (कंपनी वर्षअखेर देते तो पगार-कराचा फॉर्म) राज्याच्या रकान्यातला पगार जास्त दिसला तेव्हा मला वाटलं पेरोलने चूक केली. दुसरी खाच आमच्या घरातच होती: नवऱ्याच्या ऑफिसात साधा एफएसए चालू असता, तर मला एचएसएत पैसे टाकताच आले नसते. सुदैवाने वेळेत लक्षात आलं. त्याने फक्त दात-डोळ्यांचा, लिमिटेड पर्पज, घेतला.

पुण्यातल्या सुट्टीत मी रूट कॅनाल आणि कॅप करून आले. तो खर्च एचएसएतून चालतो. पावतीवर दाताचा नंबर आणि डॉक्टरांचा शिक्का घेतला, बस. सासूबाई सहा महिने इथे होत्या, त्यांच्या गोळ्या मात्र चालत नाहीत, कारण करापुरत्या त्या माझ्यावर अवलंबून धरल्या जात नाहीत.

वर्षाचा हिशेब: बिलांपोटी 4,700 भरले, त्यातले 1,000 कंपनीचे. त्याच बिलांवर जुना प्लॅन प्रीमियम धरून साधारण 900 ने महाग पडला असता. खात्यात एकूण 7,300 गेले. आमच्या 22 टक्क्यांच्या टप्प्यात, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची कपात धरून, 2,160 च्या आसपास कर वाचला.

ऑस्टिनचा भाचा, वय 26, एकटा, टेक्सासला राज्याचा आयकर नाही. त्याला या प्लॅनसाठी मी विचार न करता हो म्हटलं. स्वतःचा व्यवसाय असलेल्या मैत्रिणीलाही आता मार्ग आहे: 2026 पासून मार्केटप्लेसवरचे (स्वतः विमा घेणाऱ्यांचा सरकारी विमा-बाजार) ब्राँझ, म्हणजे कमी प्रीमियमचे, प्लॅनही एचएसएला चालतात. पण तिला पहिलं मूल मे महिन्यात व्हायचंय, आणि शिल्लक फारशी नाही. तिला म्हटलं, या वर्षी नको गं, गोल्डचे (जास्त प्रीमियम, कमी डिडक्टिबल) आकडे काढ.

आम्ही नोव्हेंबरमध्ये पुन्हा हाच घेतला. मात्र 4,000 डॉलर वेगळ्या सेव्हिंग खात्यात आधीच बाजूला ठेवलेत. नवऱ्याने त्या खात्याला नाव दिलंय ‘कान’.