हिऱ्याचा टेस्टर पेन: मोइसानाइट पकडते, लॅबचा हिरा नाही

आमचं दारव्ह्याकडं सोन्याचांदीचं लहानसं दुकान हाये. लग्नसराईत पोरं ऑनलाइन घेतलेल्या अंगठ्या आणतात अन् विचारतात काका खरा हाये का, त्याच्यासाठी हा मागवला, उष्णता अन् करंट दोन्ही पाहणारा. नुसत्या उष्णतावाल्या स्वस्त पेनाच्या नादी लागू नका, हिरा तांब्याच्या जवळपास पाचपट उष्णता वाहते हे खरं पण मोइसानाइट, म्हंजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा, तोही लय वाहते, मग तो पेन दोघाईले डायमंडच म्हणते.

करंटवाला भाग मस्त हाये. मोइसानाइट म्हंजे सिलिकॉन कार्बाइड, त्यातून थोडाफार करंट जाते. हिऱ्याचा बँडगॅप, म्हंजे इलेक्ट्रॉनले सुटून वाहायले लागणारी ऊर्जा, साडेपाच इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, सिलिकॉनचा 1.1, म्हणून शुद्ध हिऱ्यातला इलेक्ट्रॉन जागचा हालतच नाही. करंट गेला की मोइसानाइट, नाही गेला की हिरा, एवढाच याचा हिशेब. फक्त मागची धातूची पट्टी बोटानं दाबून धरा, नाहीतर सर्किट पुरं होत नाही अन् मोइसानाइटही पास होऊन जाते.

आता गोम. निळा हिरा आला की याचं डोकं फिरते. त्यात बोरॉन असते, बोरॉनजवळ कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी, ती रिकामी जागा सरकत जाते अन् करंट वाहते, पी-टाइप, म्हंजे रिकाम्या जागांवर चालणारा सेमीकंडक्टरच तो. होप डायमंड नावाचा प्रसिद्ध निळा हिरा असाच, पण तो काही दारव्ह्याले येत नाही बाप्पा! एचपीएचटीनं, म्हंजे प्रचंड दाबाखाली वाढवलेले लॅबचे पांढरे खडे मात्र येतात, त्यातही कधी कधी बोरॉन राहून जाते अन् टेस्टर त्याले मोइसानाइट ठरवते. असा डाउट आला तर यूव्ही टॉर्च मारा अन् अंधारात पाहा, टॉर्च बंद केल्यावरही पांढरा खडा चमकत राहिला तर बहुतेक एचपीएचटी.

अमरावतीले शिकणारा भाचा म्हणे मग हिऱ्याच्या चिपा काऊन नाही येत मोबाईलात. बोरॉनची रिकामी जागा सुटायलेच 0.37 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, एन-टाइपसाठी, म्हंजे जास्तीच्या इलेक्ट्रॉनवर चालवायले, फॉस्फरस टाकला तर 0.57, म्हणून साध्या तापमानाले करंट वाहणारे लय थोडे सुटतात, अन् चिपांसाठी हिऱ्याच्या मोठ्या वेफर, म्हंजे पातळ चकत्या, बनवणं अजून महाग.

विकणाऱ्यानं "लॅब डायमंड ओळखते" असं लिवलंय ते साफ खोटं. सीव्हीडीचा, म्हंजे लॅबमध्ये वायूतून वाढवलेला हिराही कार्बनच, उष्णता तीच, बँडगॅप तोच. गिऱ्हाइकाले सर्टिफिकेटच मागा.

मोइसानाइटपुरतं घ्यायचं असन तर घ्या. मे महिन्यात उन्हातून आलेली अंगठी आधी थंड होऊ द्या, नाहीतर रीडिंग नाचते. चार स्टार, डब्बीची चेन लवकरच तुटली.